मधुमेह्याच्या पोटाचं काय करायचं?

‘मधुमेह असणाऱ्यांना पोटाच्या कॅन्सरचा धोका दुप्पट’ हे वाक्य नातेवाइकांच्या ग्रुपवर येऊन पडलं की लगेच दोन तट पडतात. पहिल्या तटाचं म्हणणं, मग वाट कसली बघताय, दरवर्षी दुर्बीण घालून पोट तपासून घ्या. लॅबच्या जाहिरातींत ‘डायबेटिक पॅकेज’ असतंच, त्यात आणखी एक ओळ वाढवायची. दुसरा तट हसतो. पोटाचा कॅन्सर जपान्यांना नि कोरियनांना होतो, आपल्याला होतं ते पित्त. उपाशीपोटी एक गोळी घ्या, वर थंड दूध प्या आणि लोकांना घाबरवणं थांबवा. दोन्हीकडे डॉक्टर आहेत, दोन्हीकडे एरवी विचार करून बोलणारी माणसं आहेत. आणि दोघेही एकाच भलत्या प्रश्नावर हमरीतुमरीवर आले आहेत: मधुमेहामुळे पोटाचा कॅन्सर होतो की नाही?

माझं म्हणणं असं की या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आलं काय आणि ‘नाही’ आलं काय, मधुमेह असलेल्या माणसाने करायचं काय हे त्यातून ठरत नाही. ते ठरतं मधल्या एका पायरीवरून, आणि तिच्याबद्दल या भांडणात कुणी चकार शब्द काढत नाही. ती पायरी म्हणजे जठराच्या अस्तराचा वर्षानुवर्षं चाललेला दाह, ज्याला डॉक्टर क्रॉनिक गॅस्ट्रायटिस म्हणतात. तो कशाने झाला, किती खोल गेला, आणि त्यामागचा जंतू अजून पोटात ठाण मांडून आहे का, एवढं कळलं तर सरसकट दुर्बिणीची गरज उरत नाही आणि सरसकट गोळ्यांचीही. ज्या मधुमेह्यांच्या बाबतीत शंकेला खरोखर जागा आहे त्यांची जंतूसाठी नीट तपासणी व्हावी, आणि बाकीच्यांच्या मागे कॅन्सरचा बागुलबुवा लावू नये. ही भूमिका दोन्ही तटांना आवडणार नाही, याची कल्पना आहे.

आधी तो ‘दुप्पट’चा आकडा पाहू, कारण तो अगदीच हवेतला नाही. जपानच्या क्यूशू बेटावर फुकुओकाजवळ हिसायामा नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या रहिवाशांच्या आरोग्याची नोंद १९६१ पासून ठेवली जाते. चाळिशीपुढच्या सुमारे २,६०० गावकऱ्यांचा १४ वर्षं मागोवा घेऊन २००९ साली निष्कर्ष छापले गेले. ज्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, ६ टक्के किंवा त्याहून जास्त होती त्यांच्यात पोटाच्या कॅन्सरचं प्रमाण ५ ते ६ टक्क्यांच्या मधल्या लोकांपेक्षा साधारण दुप्पट निघालं. मेसेज इथे थांबतो. निबंध इथे थांबत नाही. त्याचं मुख्य प्रतिपादन असं आहे की हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूमुळे जो धोका आधीच आहे, तो वाढलेली साखर आणखी वाढवते. म्हणजे यात साखर एकटी आरोपी नाही, ती साथीदार आहे.

मुख्य आरोपी किती मोठा, हे २००१ सालच्या दुसऱ्या एका जपानी अभ्यासातून कळतं. नाओमी उएमुरा आणि सहकाऱ्यांनी १,५२६ रुग्णांना सरासरी पावणेआठ वर्षं नजरेखाली ठेवलं. जंतू असलेल्या १,२४६ जणांपैकी ३६ जणांना पोटाचा कॅन्सर झाला; जंतू नसलेल्या २८० जणांपैकी एकालाही नाही. हा अभ्यास मधुमेह्यांचा नव्हता, आणि जंतूशिवाय पोटाचा कॅन्सर कधीच होत नाही असंही नाही. पण छत्तीस विरुद्ध शून्य या निकालाकडे पाठ फिरवून केवळ साखरेवर वाद घालायचा, याला काय म्हणावं? आणि याच आकड्याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे: जंतू असूनही ९७ टक्के लोकांना त्या काळात काही झालं नाही.

या दोन टोकांच्या मधे जे घडतं त्याचा नकाशा पेलायो कोरिया या कोलंबियन पॅथॉलॉजिस्टने १९७५ मध्ये मांडायला घेतला आणि १९९२ मध्ये पक्का केला. जंतूमुळे अस्तराला सूज येते. सूज वर्षानुवर्षं टिकली तर आम्ल आणि पाचकरस तयार करणाऱ्या ग्रंथी झिजतात, अस्तर विरळ होतं. झिजलेल्या जागी कधीकधी आतड्यासारख्या पेशी उगवतात. त्यापुढे पेशींची ठेवण बिघडते आणि अगदी शेवटी, काही थोड्यांच्या बाबतीत, कॅन्सर. या प्रवासाला दशकं लागतात आणि बहुतेक जण अर्ध्या वाटेवरच थांबतात. पहिल्या पायरीवर जंतू मारला तर सूज बरीचशी उतरते. पुढच्या पायऱ्यांवर मारला तर धोका घटतो, पण झालेली झीज पूर्ण भरून निघेलच असं नाही. म्हणून प्रश्न ‘कॅन्सर आहे का’ हा नसून ‘आपण कोणत्या पायरीवर आहोत’ हा आहे.

आता एक विसंगती बघा. अस्तर झिजत गेलं की आम्ल वाढत नाही, कमी होतं. म्हणजे ज्याचं पोट या वाटेवर सर्वांत पुढे गेलं आहे त्याला जळजळ कमी होण्याचीच शक्यता जास्त. त्याला काय होतं? चार घास खाल्ले की पोट भरल्यासारखं वाटतं, जड वाटतं, भूक मंदावते, थकवा येतो. आणि आपण त्याला देतो काय, तर आम्ल कमी करणारी गोळी. ‘जळजळ थांबली, म्हणजे पोट बरं झालं’ हे समीकरण आपल्या डोक्यात इतकं मुरलं आहे की मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय पॅन्टोप्राझोलची पट्टी आणणं आपल्याला औषध घेणं वाटतच नाही. दहा-दहा वर्षं रोज सकाळी ही गोळी घेणारी माणसं आपल्या प्रत्येकाच्या घरात आहेत, आणि ती कुणी, कधी, कशासाठी सुरू केली हे त्यातल्या निम्म्यांना आठवत नाही.

आता विरोधी बाजूचे मुद्दे. ते किरकोळ नाहीत, म्हणून त्यांतले सर्वांत भक्कम आधी घेतो.

पहिला मुद्दा: जपानचे आकडे भारताला लावता येत नाहीत. अगदी मान्य. भारतात निम्म्याहून अधिक प्रौढांच्या पोटात हा जंतू आहे आणि तरीही पोटाच्या कॅन्सरचा दर, वयाचा फरक काढून, लाखामागे साडेचारच्या आसपास आहे. देशभरात वर्षाला सुमारे ६० हजार नवे रुग्ण, एवढ्या लोकसंख्येच्या मानाने थोडेच. संशोधक याला भारतीय कोडं म्हणतात. आफ्रिकेबद्दल असंच कोडं १९९२ मध्येच मांडलं गेलं होतं. जंतूचे प्रकार, आहार, मीठ, आपल्या शरीराची प्रतिक्रिया अशी अनेक कारणं सुचवली गेली आहेत. मग लाखामागे साडेचाराचे नऊ झाले तरी काय मोठं झालं? मधुमेह्यांचं वय जास्त असतं म्हणून आकडा थोडा वर सरकेल, पण हृदयविकार, मूत्रपिंड, डोळे आणि पायाच्या जखमा यांच्यासमोर तो कुठेच नसेल. ज्याची साखर तीनशेवर आहे आणि ज्याने दोन वर्षांत डोळ्यांचा पडदा तपासलेला नाही त्याला पोटाच्या कॅन्सरची भीती घालणं हा शुद्ध अविचार आहे.

पण या मुद्द्यातून निष्कर्ष काय काढायचा? सगळ्यांना दुर्बीण घालू नका, एवढाच. कोरियात चाळिशीपुढच्या प्रत्येकाची दर दोन वर्षांनी पोटाची तपासणी होते, कारण तिथला दर आपल्यापेक्षा अनेक पटींनी जास्त आहे. तैवानच्या मात्सू बेटांवर २००४ पासून अख्ख्या लोकसंख्येची श्वासाची चाचणी करून जंतू मारला गेला आणि पुढच्या काळात कॅन्सरचं प्रमाण ५३ टक्क्यांनी घटल्याचं २०२१ मध्ये दिसलं. तो मार्ग आपला नाही. आपल्या सरकारी कार्यक्रमात तिशीपुढच्यांसाठी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीनच कॅन्सरची तपासणी आहे, आणि त्यात जठर नाही हे योग्यच आहे. मात्र ‘सरसकट नको’ आणि ‘कुणालाच नको’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. भारतातला सरासरी दर कमी म्हणून मिझोराममधल्या आयझॉलच्या माणसाने निश्चिंत राहावं का? तिथे लाख पुरुषांमागे हा दर चाळीसच्या आसपास नोंदला गेला आहे. तंबाखूच्या धुरातून काढलेलं तुइबुर हे पाणी, आंबवलेली डुकराची चरबी, धुरावलेलं मांस यांच्याकडे तिथले अभ्यास बोट दाखवतात. सरासरी देशाची असते, पोट एकेकाचं असतं. ज्याचे वडील किंवा भाऊ या कॅन्सरने गेले त्याने पुण्यात राहूनही देशाची सरासरी स्वतःला लावून घेऊ नये.

दुसरा मुद्दा जास्त खोल आहे. असे सगळे अभ्यास निरीक्षणाचे आहेत. मधुमेहाबरोबर वजन येतं, तंबाखू येते, खारवलेलं-तळलेलं येतं. शिवाय मधुमेही डॉक्टरकडे वारंवार जातात, म्हणून त्यांच्यात काहीही लवकर सापडतं. दोष नेमका साखरेचा, हे कशावरून? हेही मान्य. अमेरिकेतल्या मधुमेह संघटनेने आणि कॅन्सर सोसायटीने २०१० मध्ये मिळून जो आढावा घेतला त्यात मधुमेहाशी संबंध दिसणाऱ्या कॅन्सरच्या यादीत यकृत, स्वादुपिंड, गर्भाशय, मोठं आतडं, स्तन, मूत्राशय होते, जठर नव्हतं. पुरावा किती डळमळीत होता ते यावरून कळावं.

हीच शंका मात्र उलट्या बाजूलाही लावायला हवी, आणि ती लावताना लोकांची जीभ अडखळते. ‘मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना कॅन्सर कमी होतो, म्हणून ती चमत्कारी गोळी आहे’ असं सांगणारे लेख तुम्ही वाचले असतील. तैवान आणि हाँगकाँगच्या नोंदींवरून पोटाच्या कॅन्सरबद्दलही असे दावे झाले. त्यातली एक फट समजून घेण्यासारखी आहे. पाच वर्षं मेटफॉर्मिन घेतलेल्यांची तुलना न घेतलेल्यांशी केली, तर पहिल्या गटात जायला मुळात पाच वर्षं जगावं आणि धडधाकट राहावं लागतं. जो दुसऱ्याच वर्षी आजारी पडला तो आपोआप दुसऱ्या गटात जाऊन बसतो. गोळीने काहीही केलं नाही तरी तीच जिंकलेली दिसणार! या फटीची काळजी घेऊन केलेले अभ्यास आहेत, पण दावे विरळ होत जातात. स्तनाच्या कॅन्सरवर उपचार झालेल्या, मधुमेह नसलेल्या साडेतीन हजारांहून अधिक रुग्णांना चिठ्ठ्या टाकून मेटफॉर्मिन किंवा औषध नसलेली नुसती गोळी दिली, आणि २०२२ मध्ये निकाल आला: मुख्य कसोटीवर फायदा नाही. तेव्हा मेटफॉर्मिन साखरेसाठी घ्या, ती त्या कामात उत्तम आणि स्वस्त आहे. कॅन्सरच्या भीतीने ती बंद करणं आणि कॅन्सरच्या आशेने ती सुरू करणं, दोन्ही सारखंच निराधार.

भीतीने घेतलेल्या निर्णयांचा आपल्याकडे ताजा इतिहास आहे. पायोग्लिटाझोन या मधुमेहाच्या गोळीमुळे मूत्राशयाचा कॅन्सर होतो अशी शंका निघाली आणि जून २०१३ मध्ये केंद्र सरकारने तिच्या विक्रीवर बंदी घातली. जुलै संपता संपता बंदी उठली. खोक्यावर ठळक इशारा छापायचा, एवढीच अट राहिली. दरम्यान ज्यांची साखर त्या गोळीवर बसलेली होती त्यांचं काय झालं याचा हिशेब कुणी मांडला? तपासणीच्या अतिरेकाचं उदाहरण कोरियातलंच आहे. तिथे इतर तपासण्यांच्या जोडीला थोडे पैसे भरून गळ्याची सोनोग्राफी करून घेण्याची लाट आली आणि २०११ मध्ये थायरॉइडच्या कॅन्सरचं निदान १९९३ च्या पंधरापट झालं. मृत्यू मात्र होते तेवढेच राहिले. म्हणजे हजारो लोकांच्या ग्रंथी अशा गाठींपायी कापल्या गेल्या ज्यांनी त्यांना आयुष्यभर काही केलं नसतं. २०१४ मध्ये याची जाहीर वाच्यता झाल्यावर ऑपरेशनं झपाट्याने घटली. पॅकेजवाल्या तटाने हे उदाहरण भिंतीवर लावून ठेवावं.

इथवर वाचून दुसरा तट खूश झाला असेल. त्यांच्यासाठी ऑस्ट्रेलियातल्या पर्थची गोष्ट आहे. १९७९ मध्ये रॉबिन वॉरेन या पॅथॉलॉजिस्टला जठराच्या तुकड्यांत वाकडे जंतू दिसू लागले. आम्लात जंतू जगूच शकत नाही, अल्सर होतो तो काळजीने आणि तिखटाने, हे तेव्हाचं पक्कं ज्ञान होतं. तरुण डॉक्टर बॅरी मार्शलने १९८२ मध्ये तो जंतू वाढवून दाखवला, तरी कुणी ऐकेना. १९८४ मध्ये त्याने जंतूंचं पाणी स्वतःच प्यायलं. काही दिवसांत उलट्या सुरू झाल्या आणि दुर्बिणीच्या तपासणीत जठराला सूज दिसली. १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने या जंतूला कॅन्सरकारकांच्या पहिल्या गटात टाकलं, २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. मधल्या काळात किती लोकांनी आयुष्यभर अँटासिड चघळलं असेल आणि किती जणांची जठरं कापली गेली असतील? ‘काही नाही, पित्त आहे’ हे आपलं वाक्य त्याच काळातलं आहे. विज्ञान पुढे गेलं, आपण वाक्य बदललं नाही.

आणि मधुमेह्याच्या बाबतीत हे वाक्य जास्त महाग पडतं, कारण त्याच्या प्रत्येक लक्षणाला एक तयार स्पष्टीकरण हजर असतं. माझ्या मते या सगळ्या वादातला सर्वांत दुर्लक्षित मुद्दा हाच आहे. वजन उतरलं? वा, पथ्य पाळताय! किंवा साखर वाढलीय, म्हणून उतरतंय. भूक लागत नाही? मेटफॉर्मिनने होतं तसं. दोन घासांत पोट भरतं? जुन्या मधुमेहात जठराच्या नसा मंदावतात, अन्न पुढे सरकत नाही. हिमोग्लोबिन कमी? मूत्रपिंड थोडं थकलंय. बी-१२ कमी? पुन्हा मेटफॉर्मिन. यातलं प्रत्येक स्पष्टीकरण बहुतेक वेळा बरोबर असतं. अडचण तीच आहे. बहुतेक वेळा बरोबर असणारं उत्तर मिळालं की पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. त्यात २०२५ मध्ये टिर्झेपटाइड आणि वजनासाठीचं सेमाग्लुटाइड यांची इंजेक्शनं भारतात आली. भूक मारणं, पोट भरल्यासारखं ठेवणं आणि वजन उतरवणं हेच त्यांचं काम. ज्या तीन लक्षणांवरून पोटातल्या गंभीर आजाराचा संशय यावा, ती तिन्ही आता इंजेक्शनच्या यशाच्या खात्यावर जमा होणार. औषधं वाईट आहेत असं मी म्हणत नाही; ती लिहून देण्याआधी पोटाची चौकशी नीट व्हावी, एवढंच.

टाइप १ मधुमेहाची गोष्ट आणखी वेगळी, आणि तिच्याबद्दल तर बोलणंच होत नाही. ज्या चुकीमुळे शरीर स्वतःच्याच स्वादुपिंडावर हल्ला करतं, तीच चूक जठराच्या आम्ल बनवणाऱ्या पेशींबाबतही होऊ शकते. टाइप १ च्या सुमारे १५ ते २० टक्के रुग्णांच्या रक्तात या पेशींविरुद्धची प्रतिद्रव्यं सापडतात. काहींमध्ये त्यातून जंतूशिवायच अस्तर झिजतं, लोह आणि बी-१२ कमी होतं, आणि पुढे जठरात गाठी होण्याची शक्यता वाढते. अशा तरुण मुलीला वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या देत राहायचं आणि ‘बायकांना असतोच ॲनिमिया’ म्हणायचं, हे आपल्याकडे किती सहज होतं ते सांगायला नको.

कॅन्सर बाजूला ठेवला तरी जंतू शोधण्याचं एक रोखठोक कारण मधुमेह्यांकडे असतं: ॲस्पिरिन. हृदयासाठी रोज छोटी ॲस्पिरिन घेणाऱ्यांत मधुमेही पुष्कळ. ॲस्पिरिन आणि जंतू एकत्र आले की अल्सरमधून रक्तस्राव होण्याची भीती. ब्रिटनमध्ये साठीपुढच्या, ॲस्पिरिन घेणाऱ्या आणि श्वासाच्या चाचणीत जंतू सापडलेल्या पाच हजारांहून अधिक लोकांवर चाचणी झाली. निकाल २०२२ मध्ये आले. जंतू मारलेल्यांमध्ये पहिल्या अडीच वर्षांत अल्सरच्या रक्तस्रावासाठी दवाखान्यात जाण्याची वेळ जवळजवळ दोन तृतीयांशांनी कमी आली. त्यानंतर हा फरक ओसरला, हेही सांगायला हवं. पण ‘भारतात पोटाचा कॅन्सर कमी, म्हणून जंतूकडे बघायचं कारण नाही’ या युक्तिवादाला यानंतर काय उरतं?

तिसरा आक्षेप प्रतिजैविकांचा, आणि तो मला सर्वांत जास्त सतावतो. निम्म्या देशाच्या पोटात जंतू आहे. सगळ्यांना १४ दिवस दोन-दोन प्रतिजैविकं दिली तर उरलेसुरले जंतूही औषधाला दाद देईनासे होतील. मेट्रोनिडाझोलची ती गत भारतात आधीच झाली आहे, कारण जुलाब म्हटलं की आपण ती गोळी खातो. शिवाय मधुमेह्यांमध्ये जंतू मारण्याचं यश थोडं कमी मिळतं, आणि क्लॅरिथ्रोमायसिनसारखं प्रतिजैविक ग्लिबेनक्लामाइड किंवा ग्लिपिझाइडसारख्या मधुमेहाच्या गोळीबरोबर घेतलं तर साखर अचानक उतरून घाम फुटू शकतो. म्हणूनच माझा आग्रह सरसकट उपचाराचा नाही. कारण असलेल्यांनाच तपासा. सापडला तर पूर्ण कोर्स द्या, अर्धवट नको. कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी जंतू खरंच गेला का ते पुन्हा तपासा. हे शेवटचं काम आपल्याकडे जवळपास कुणीच करत नाही. जळजळ थांबली की कोर्स यशस्वी, असं धरून सगळे मोकळे होतात.

कारण असलेले म्हणजे कोण? घरात जवळच्या नात्यात पोटाचा कॅन्सर झालेले. पन्नाशीच्या आसपास किंवा पुढे पोटाची तक्रार नव्याने सुरू झालेले. लोह किंवा बी-१२ वारंवार कमी होणारे. दीर्घकाळ ॲस्पिरिन किंवा वेदनाशामकं घेणारे. पूर्वी अल्सर झालेले. आणि ज्यांची आम्लाची गोळी वर्षानुवर्षं सुटत नाही असे. काळी शौच, विनाकारण उतरणारं वजन, घास अडकणं, वारंवार उलटी ही लक्षणं असतील तर श्वासाच्या चाचणीत वेळ घालवायचा नाही, सरळ दुर्बीण. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये छापलेल्या पाहणीनुसार देशात मधुमेही १०.१ कोटी आहेत, आणि सर्वांत जास्त प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के. या कोट्यवधींपैकी बहुतेक जण या यादीत बसणार नाहीत. बसतील ते तसेही तीन-तीन महिन्यांनी डॉक्टरसमोर येऊन बसतात. पायांची बोटं तपासताना चार प्रश्न पोटाचेही विचारायला किती वेळ लागतो?

तपासणी मात्र धड व्हायला हवी, आणि इथे पॅकेजवाल्यांचं पितळ उघडं पडतं. त्यांच्या यादीत या जंतूसाठी बहुधा रक्तातल्या प्रतिद्रव्यांची चाचणी असते. ती जंतू आज आहे की पूर्वी कधी होता, हे सांगू शकत नाही. ज्या देशात निम्म्याहून अधिक प्रौढांना लागण झालेली आहे तिथे अशा चाचणीचा ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे माणूस इथे राहतो एवढाच पुरावा. श्वासाची युरिया चाचणी किंवा शौचातल्या जंतूच्या प्रथिनाची चाचणी आजची स्थिती सांगते. पण तिच्याआधी किमान दोन आठवडे आम्लाची गोळी आणि चार आठवडे प्रतिजैविकं बंद हवीत. गोळीने जंतू दबून बसतो आणि चाचणी खोटीच ‘निगेटिव्ह’ येते. रोज सकाळी गोळी घेणाऱ्या देशात किती ‘निगेटिव्ह’ रिपोर्ट असे खोटे असतील?

दुर्बिणीच्या रिपोर्टचीही तीच कथा. जठराच्या खालच्या भागात थोडा लालसरपणा दिसला की छापील वाक्य उमटतं, ‘अँट्रल गॅस्ट्रायटिस’, आणि रुग्ण ते निदान म्हणून जन्मभर सांगत फिरतो. लाली म्हणजे दाह नव्हे, आणि गुळगुळीत दिसणाऱ्या अस्तरातही झीज असू शकते. झीज ठरते ती तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली गेल्यावर, आणि तुकडेही ठरावीक जागचे हवेत: खालच्या भागातले दोन, वळणावरचा एक, मधल्या भागातले दोन. मधल्या भागातले आणि खालच्या भागातले वेगवेगळ्या बाटल्यांत गेले तरच झीज कुठवर पसरली ते कळतं. एकाच बाटलीत एकच तुकडा टाकून आलेल्या ‘क्रॉनिक गॅस्ट्रायटिस’ या दोन शब्दांवरून पेलायो कोरियाने मांडलेल्या पायऱ्यांवर आपण कुठे आहोत, हे कुणालाही सांगता येत नाही. दुर्बीण घालायचीच असेल, तर पैसे भरण्याआधी डॉक्टरांना हे विचारा: तुकडे किती आणि कुठले घेणार, आणि रिपोर्टमध्ये ग्रंथींची झीज व आतड्यासारख्या पेशी आहेत की नाहीत हे स्वतंत्र लिहून येणार का. दोन्ही भागांत पसरलेली झीज निघाली तर दर तीन वर्षांनी पुन्हा बघावं, असं युरोपातली मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. जंतू नाही, झीज नाही आणि घरात कुणाला हा कॅन्सर नाही, असा रिपोर्ट असलेल्या मधुमेह्याला पुढच्या वर्षीच्या पॅकेजची गरज नाही. त्याने ते पैसे डोळ्यांचा पडदा तपासण्यावर घालवावेत.